मधल्या खोलीची जमीन

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि तीही पुरी केली नाही. दोनशे पानी वहीची एकशे बारा पानं भरली, सहा प्रकरणं झाली, त्यात एक खून झाला, आणि तो कुणी केला हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. ती कादंबरी एकानं वाचली आणि एकीनं ऐकली. वाचणाऱ्यानं घोळ घातला, ऐकणारीनं तो निस्तरला. घोळ त्याच्या माथी मारून मी मोकळी होत नाही, निम्म्याहून जास्त तो माझाच होता.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. स्टेशनच्या वाटेवर एका खोलीचं वाचनालय होतं आणि त्यात निम्म्या रहस्यकथाच होत्या. त्या मी आमटी ढवळता ढवळता वाचायचे. आमटी उतू जायची, आई ओरडायची, तरी मान वर व्हायची नाही. पुढं पुढं तिसाव्या-चाळिसाव्या पानावरच मला खुनी ओळखू यायला लागला. मग मी तो मुद्दाम भावाला सांगून टाकायचे आणि त्याच्या हातचा धपाटा खायचे. आपल्याला माणसं ओळखता येतात असा माझा पक्का समज झाला, आणि तो समज घेऊनच मी सासरी गेले.

सासर इनामगावाजवळचं, घोड नदीच्या काठचं. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टवर होता. जाऊन-येऊन करण्याएवढं ते जवळ नव्हतं, म्हणून त्यांनी दोघा सोबत्यांबरोबर दौंडलाच खोली घेतलेली. म्हणजे मी दौंड सोडून इकडे आले आणि ते घर सोडून दौंडला गेले, असा आमचा संसार. आठवड्याच्या सुट्टीला यायचे, तेव्हा शर्टाला कंपनीचा उग्र वास असायचा. दोन पाण्यातून काढला तरी तो जायचा नाही. घरात एरवी तिघंच: मी, सासूबाई आणि धाकटा दीर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले.

सासूबाईंना मी मामी म्हणायचे. सासरची माणसं मूळची मेंढपाळ. सासऱ्यांची निम्मी हयात मेंढरांमागं गेली, आणि लग्न होऊन आल्यावर मामींचीही सुरुवातीची वर्षं गेली. मग मेंढरं विकली, नदीकाठी जमीन घेतली, घर बांधलं आणि शेती सुरू केली. मेंढरं गेली तरी मामींच्या हातातली चाती गेली नाही. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी फिरकी. कुण्या नातेवाइकाकडून लोकर आणायची, दुपारी भिंतीला टेकून सूत काढायचं आणि त्याचे गुंडे फडताळात रचून ठेवायचे. या सुताचं काय करणार म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "हाताला चाळा हाय, आनी काय."

घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. पुढची सोप्याची, मागची स्वयंपाकाची आणि दोन्हीच्या मध्ये एक. पुढच्या-मागच्या खोल्यांना शहाबादी फरशी होती. मधल्या खोलीला मात्र नुसती माती, शेणानं सारवलेली. तिच्या कोपऱ्यात धान्य साठवायची बांबूची कणगी, आणि तीही रिकामी. ज्वारी आम्ही पत्र्याच्या कोठीत ठेवायचो. मग ही कणगी इथं कशाला, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. "असू दे," एवढंच उत्तर मिळालं. ती खोली मामी स्वतः सारवायच्या, दर चार-आठ दिवसांनी, गुडघे धरलेले असले तरी. मी शेणाची पाटी उचलली की हातातून काढून घ्यायच्या. आणि सणाला पुरणपोळी झाली की तिचा एक तुकडा कणगीच्या झाकणावर ठेवायच्या.

"हा कुणाला?"

"उंदरांना."

उंदरांना पुरणपोळी! माझ्यासारख्या रहस्यकथा पचवलेल्या बाईला हे बास होतं.

मला दिवस राहिले आणि फरशीचा विषय निघाला. नवऱ्याचं म्हणणं असं की मूल रांगायला लागेल, मातीत लोळेल, त्याआधी मधली खोली करून घेऊ. गवंड्याशी बोलणं झालं होतं. मामी चुलीपुढं बसल्या होत्या, मागं वळल्यासुद्धा नाहीत.

"मधली खोली तशीच ऱ्हाईल."

"अगं, पण का?"

"मी हाय तवर तशीच ऱ्हाईल. मी गेल्याव काय करायचं ती करा."

आईपुढं नवऱ्याचं कधीच फार चालायचं नाही. मी मात्र मनातून धुमसत होते. बाळ माझं, रांगणार ते माझं, आणि या बाईला चार हात मातीचं एवढं काय पडलंय? खरं सांगायचं तर राग थोडा होता आणि उत्सुकता डोंगराएवढी होती.

त्याच उन्हाळ्यात मी कादंबरी लिहायला घेतली. घरात वाचायला नवं काही उरलं नव्हतं आणि दुपार संपता संपत नव्हती. गोष्ट शिरूरसारख्या एका गावातली: बाजारपेठ, चहूकडं शेती, एक बडा बागायतदार आणि त्याचा खून. जमिनीखाली पुरलेलं काहीतरी आणि पुण्याहून आलेला गुप्तहेर. मामींना अक्षरओळख नव्हती. "काय लिवतीस ती वाच की," म्हणाल्या. मग रोज दुपारी जेवणं उरकली, दीर रानात गेला की माझं वाचन आणि त्यांची चाती दोन्ही चालू व्हायचं.

माझ्या गुप्तहेराच्या अंगात कोट होता. पहिल्याच दिवशी मामींनी मला थांबवलं.

"म्हैना कंचा हाय?"

"वैशाख."

"आन् कोट? काढ त्यो, न्हाईतर आदी त्योच मरंल."

मी कोट काढला. पुढं बागायतदाराची विधवा गुप्तहेराला शिरा करून वाढते, तिथं चाती पुन्हा थांबली. "तिसऱ्या दिवशी? हिच्या घरात मानूस मेलंय का लगीन हाय?" शिराही गेला. त्या आल्या-गेल्याची नावं, नाती, कुणाचं रान कुणाच्या शेजारी, सगळं ध्यानात ठेवायच्या आणि माझी चूक झाली की लगेच बोलायच्या. इतक्या लक्षपूर्वक माझं कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. मी त्यांच्यावर धुमसत होते हे त्या दुपारी माझ्या लक्षातही राहायचं नाही.

सहाव्या प्रकरणात खुनी पुरावा लपवतो. मी वाचत होते, "त्याने जमिनीत खड्डा केला. मडके खड्ड्यात उभे ठेवले आणि वर माती लोटली."

चाती थांबली. "आसं न्हाई ठेवत."

"मग कसं ठेवतात?"

"दोन घ्यायची. आडवी निजवायची. तोंडाला तोंड लावायचं आन् फट चिखलानं बुजवायची. म्हंजी आत माती जात न्हाई."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बगितलंय," म्हणाल्या, आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरडया काढायला उठून गेल्या. ऊन अजून चांगलं कडक होतं, कुरडया ओल्या होत्या.

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला. त्याऐवजी मी संध्याकाळी सहावं प्रकरण नव्यानं लिहिलं. दोन आडवी मडकी घातली, तोंडाला तोंड लावलेली. आणि ती पुरली कुठं, तर तीन खोल्यांच्या घरात, मधल्या मातीच्या खोलीत, रिकाम्या कणगीखाली. लेखकानं आपल्या भोवतालचं घ्यावं असं कुठंतरी वाचलेलं होतं, ते माझ्या अंगात आलं होतं. खुनाला कारण हवं, म्हणून मडक्यांत सोन्याच्या पुतळ्या ठेवल्या. हे प्रकरण मात्र मी मामींना वाचून दाखवलं नाही.

कादंबरी एका दिवाळी अंकाकडं पाठवावी असं डोक्यात आलं. झालेली सहा प्रकरणं आवडली तर पुढची देईन, असा माझा थाट. दीर शिरूरला निघाला होता, त्याच्याकडं वही दिली आणि म्हटलं, झेरॉक्स काढून आणा. हा दीर चोवीस-पंचवीस वर्षांचा, शेती बघणारा, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्यासारखा. वाटेत एसटी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत झाडाखाली बसून त्यानं सहाच्या सहा प्रकरणं वाचून काढली आणि झेरॉक्स न काढताच परत आला.

"वहिनी, ह्ये खरं हाय का?"

"कादंबरी आहे हो भावजी."

"मंग कणगी आपली कशी?"

मी वही त्याच्या हातातून काढून घेतली. त्याचंही चुकलं नाही. आमच्या भागात जमिनीखालच्या गोष्टींवर लोकांचा आधीच फार विश्वास. इनामगावच्या टेकाडावर पुण्याची माणसं येऊन वर्षानुवर्षं खोदकाम करून गेली होती. त्यांनी काय नेलं? खापरं, हाडं, जळकी धान्यं. ते कुणाला पटायचं नाही. एवढी शिकलेली माणसं उन्हातान्हात खापरांसाठी राबतील होय? सोनंच नेलं असणार, असं पारावर आजही कुणीही सांगेल. त्यात त्या खोदकामावर मामी तरुणपणी कामाला होत्या, हे दिराला माहीत होतं. ते त्यानं मला सांगितलं आणि आम्हा दोघांची नजर मधल्या खोलीकडं गेली.

न्हावऱ्याच्या बाजाराच्या दिवशी मामी सकाळीच टेम्पोत बसून गेल्या. तासाभरानं दीर पहार घेऊन मधल्या खोलीत आला. "बगायचं आन् तसंच ठिवायचं," म्हणाला. मला सातवा महिना होता. मी नको म्हणाले नाही. हे वाक्य लिहायला मला वर्षं लागली. मी नको म्हणाले नाही एवढंच नाही, तर कणगी सरकवायला खाली फळी घाला, असा सल्लाही मीच दिला.

हातभरसुद्धा खणावं लागलं नाही. पहारीचा एक घाव जरा जोरात बसला आणि ठप्प असा पोकळ आवाज आला. मग त्यानं हातानं माती काढली. दोन मडकी होती, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. वरून एकाला नुकताच तडा गेला होता, आमच्या पहारीचा. ते हुबेहूब माझ्या वहीतल्यासारखं दिसत होतं.

दिरानं तडकलेला तुकडा उचलला. आत कडुलिंबाच्या पाल्याचा भुगा होता. त्याखाली घोंगडीचा तुकडा, कसरीनं खाऊन जाळी झालेला. आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या मण्यांची एक मनगटी, तान्ह्या बाळाच्या हातात बांधतात ती. माझ्या दोन बोटांत बसेल एवढी. दुसऱ्या मडक्यात काहीच नव्हतं.

"वहिनी, ह्ये काय हाय?"

मला कळलं होतं. पोटात बाळ फिरलं म्हणून असेल, पण मला पाहताक्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "भावजी, झाकून टाका. आधी झाकून टाका."

त्यानं तुकडा कसाबसा बसवला, माती लोटली, वरून थोपटली. आम्ही कणगी जागेवर आणली. मी शेण कालवलं आणि ओणवता येत नव्हतं तरी सगळी खोली सारवून काढली, म्हणजे ओला तुकडा वेगळा दिसायला नको. मी वाचलेल्या कुठल्याच खुन्यानं एवढा नीट पुरावा मिटवला नव्हता. दीर ओसरीवर जाऊन बसला, बिडी पेटवली आणि न ओढताच विझू दिली.

मामी दुपारी आल्या. पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या आणि मधल्या खोलीच्या दारात थबकल्या.

"कुणी सारवलं?"

"मीच. उंदरांनी उकरलं होतं."

त्या जमिनीकडं बघत राहिल्या. मग मलाही दिसलं. मामी सारवायच्या त्या कणगीपासून सुरुवात करून दाराकडं मागं सरकत. त्यांच्या हाताचे अर्धगोल सगळे दाराकडं पाठ केलेले असायचे, आणि कणगीभोवती एक पूर्ण गोल फिरलेला. मी घाईत, चोरासारखी, दारापासून आत सारवत गेले होते. कणगीभोवतीचा गोल नव्हताच. माझ्या गुप्तहेराला सहा प्रकरणांत जमलं नव्हतं ते या बाईनं दारात उभं राहून केलं.

त्या ओल्या जमिनीवर तशाच आत गेल्या. कणगीपाशी बसल्या. तळवा जमिनीवर ठेवला. आता शिव्या येतील, आरडाओरडा होईल, म्हणून मी भिंत धरून उभी होते. मामी माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "तोंड नीट लावलंस का गं?"

मला रडू फुटलं. "नाही मामी. एक फुटलंय. आमच्या हातून फुटलंय."

"रडू नगंस. पोटातल्याला तरास व्हतो." मग म्हणाल्या, "बस हितं."

मी त्यांच्याशेजारी बसले, आणि त्यांनी चाती न घेता, रिकाम्या हातांनी, आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी सांगितलं.

"पैली लेक व्हती. चार म्हैन्याची. मेंढरं घाटाकडं निघाली व्हती, वाटंत तिला ताप आला. दोन दिस घोड्याव, घोंगडीत. तिसऱ्या दिशी गेली. एका बांधाच्या कडंला खड्डा केला, ठिवली, वर धोंडं रचलं, कोल्ह्यानं उकरू नये म्हनून. आन् दिस उगवला तसा मेंढरांचा वाडा हालला. मेंढरं थांबत न्हाईत कुनासाठी. म्या मनगटी तेवढी काढून घेतली व्हती, आन् घोंगडीची कोर फाडून घेतली. माघारी येताना बगितलं तर मालकानं रान नांगरलेलं. बांध सरकलेला. कुठं हुडकू? धोंडं समदीकडंच असत्यात."

बाहेर दीर उंबऱ्याशी येऊन उभा राहिला होता. मामींनी त्याला पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही.

"मंग हितं घर झालं. ही दोगं झाली. खोदकामाव जात व्हते. माझा हात हलका म्हनून सायबानं मला पाटीवरनं काढून बुरशाच्या कामाव घेतलं. एका दिशी माती झाडता झाडता दोन रांजनं निगाली, आडवी, तोंडाला तोंड. सायेब म्हनला, हळू. आत तान्हं पोर व्हतं. नुसती हाडं, चिमनीवानी. म्या विचारलं, ह्ये हितं घरात का पुरलं? सायेब म्हनला, त्या काळच्या बाया पोराला लांब सोडत नव्हत्या. ऱ्हात्या घरातच ठिवायच्या, पायाखाली. हजारो वर्सं झाली म्हनला." त्यांनी तळवा परत जमिनीवर टेकवला. "त्या बाईला ठावं व्हतं तिचं पोर कुठं हाय ती. हजार वर्सांनी बी ती तितंच व्हतं. माझं कुठं व्हतं?"

त्या दिवशी मामी अर्ध्यातून कामावरून उठून आल्या. कुंभारवाड्यातून दोन मडकी आणली. जवळ जे होतं ते, एक मनगटी आणि घोंगडीची कोर, पाल्यात गुंडाळून आत ठेवलं. तोंडाला तोंड लावलं आणि मधल्या खोलीत पुरलं, कारण पुढून-मागून कुठूनही जायचं तर तिथूनच जावं लागतं. सासरे संध्याकाळी आले. ओली जमीन बघितली, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कुठून तरी ही कणगी आणून बरोबर त्या जागेवर ठेवली. त्यावर नवरा-बायकोत मरेपर्यंत एक शब्द झाला नाही. वाचलेल्या सगळ्या प्रेमकथा मला त्या कणगीपुढं फिक्या वाटल्या.

"मला बहीन व्हती?" दीर दारातून म्हणाला. या दोघा भावांना सख्खी बहीण नाही, राखीला ते चुलतबहिणीकडं जायचे आणि तिच्या नवऱ्याच्या कुरकुरी ऐकून परत यायचे.

"व्हय. समद्यात मोठी."

तो पंचवीस वर्षांचा माणूस उंबऱ्यावर बसून हमसाहमशी रडला. मामींनी मग आम्हाला तिचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दीरच कुंभाराकडून दोन मडकी घेऊन आला, चार वेळा वाजवून पारखून. भर दुपारी, दारं उघडी टाकून, आम्ही तिघांनी ती बदलली. मामींनी ताजा पाला घातला. फडताळातून आपल्या हातचं सूत काढून मनगटीभोवती सात वेढे दिले. तोंडं जुळवली. चिखल मला लावायला सांगितला. "नीट बघ. सुईयेवडी बी फट नगं." मी सगळीकडून बोट फिरवून बघितलं. मग मामींनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुझी खोली कर फरशीची. ही नगं, पुढच्या खोलीला वाढीव काढ एक." मी म्हटलं, माझं मूल मातीतच रांगेल. हे मी चांगुलपणा म्हणून म्हणाले नाही, मला मनापासून तसंच हवं होतं.

नवरा सुट्टीला आला तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कणगीपाशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले, आणि मग बाहेर जाऊन तासभर गाडी धूत बसले. गाडी दौंडहून धुऊनच आणलेली होती. फरशीचा विषय परत कधी निघाला नाही.

माझी मुलगी दौंडला माहेरी झाली आणि तीन महिन्यांनी त्या घरात आली. ती त्याच खोलीत रांगली. माती खाताना सापडली की मामी तिच्या तोंडात बोट घालून काढायच्या आणि म्हणायच्या, "आत्याच्या घरची हाय, बादत न्हाई." पहिल्या राखीपौर्णिमेला दिरानं एक राखी आणली, कणगीच्या बांबूला बांधली आणि कुणी काही म्हणायच्या आत रानात निघून गेला. पुढं दरवर्षी बांधत राहिला. जुन्या राख्या आम्ही काढल्या नाहीत.

कादंबरी मी तिथंच थांबवली. सहावं प्रकरण फाडून चुलीत घातलं. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मामींनीच विचारलं, "मंग त्या कोटवाल्याला गावलं का मडकं?"

"नाही. तो पुण्याला परत गेला."

"ब्येस झालं," म्हणाल्या आणि चाती फिरवायला लागल्या.

मामी गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही रस्त्याच्या कडेला स्लॅबचं घर बांधलं आणि जुनं पाडायचं ठरलं. पाडणारी माणसं यायच्या आदल्या दिवशी दीर खुरपं घेऊन मधल्या खोलीत बसला. या वेळी पहार आणली नव्हती. दुपारभर तो बोटांनी माती काढत होता, मामी बुरशानं काढत असतील तसा. मडकी शाबूत होती. पोतं अंथरलेल्या पाटीत घालून, छातीशी धरून, तो ती नव्या घरापर्यंत पायी घेऊन गेला. ट्रॅक्टर दारात उभा असताना.

नव्या घरात मधल्या खोलीला अजून फरशी बसायची होती. खड्डा तयार होता. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची, माझ्याच पुस्तकांवर वाढलेली, तीही तिसाव्या पानावर खुनी ओळखणारी. ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली.

"आई, आत काय आहे? उघडून बघूया?"

दिरानं माझ्याकडं पाहिलं.

"उघडायचं नाही. आत तुझी आत्या आहे. पप्पांची मोठी बहीण."

मला वाटलं आता प्रश्नांची सरबत्ती सुरू होईल. पण ती दोन्ही मडक्यांकडं, ती जिथं मिळतात त्या जागेकडं, बराच वेळ बारकाईनं बघत राहिली. मग खड्ड्यात वाकली.

"आई, इथं थोडी फट आहे," म्हणाली, आणि काठावरचा चिखल बोटावर घेऊन तिनं ती बुजवली.